उभ्या गाडीचा हिशेब

चहाचे दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर. मध्यम आकाराची पेट्रोल मोटार इंजिन चालू ठेवून जागच्या जागी उभी असली, की एका मिनिटात साधारण एवढे पेट्रोल जाळते. एसी लावला तर थोडे जास्त. दोन चमच्यांसाठी कोणी जीव जाळत नाही. सांडले तर आपण फडक्याने पुसून टाकू.

वाकडच्या भूमकर चौकात सकाळी साडेनऊला उभे राहिले, की हे दोन चमचे कुठवर जातात ते कळते. समोर हिंजवडीचे राजीव गांधी आयटी पार्क, मागे मुंबई-बंगळूर महामार्ग आणि मधे गाड्यांची रांग. दुचाकीवाले फटीफटीतून पुढे सरकतात, कंपन्यांच्या बसगाड्या कडेला दबा धरतात आणि मोटारी इंच इंच पुढे जातात. हिंजवडी ते वाकड हा रस्ता तसा जुना. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड याच दिशेने हिंजवडीहून वाकडला जाते. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हे अंतर चालत कापले. आज गर्दीच्या वेळी मोटारीचा वेगही अनेकदा चालणाऱ्या माणसाच्या पुढे जात नाही. फरक एवढाच, की चालणारा माणूस पेट्रोल जाळत नाही.

या रांगेतल्या प्रत्येक गाडीत दोन मोटरी असतात. एक बॉनेटखाली. दुसरी स्टिअरिंगमागे बसलेली, हाडामांसाची. चेताविज्ञानातही ‘मोटर’ हाच शब्द आहे. मेंदूकडून स्नायूंकडे हालचालीचा हुकूम नेणाऱ्या पेशीला शाळेच्या पुस्तकात आपण प्रेरक चेतापेशी म्हणतो, तिचे इंग्रजी नाव मोटर न्यूरॉन. या दोन्ही मोटरींचे आकडे असे आहेत, की ते एकदा मनात बसले की चौकातली रांग पूर्वीसारखी दिसत नाही.

एका थेंबाचे आठ भाग

आधी बॉनेटखालची. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. चार सिलिंडर असतील तर मिनिटाला १,६०० स्फोट, म्हणजे सेकंदाला २६-२७. गाडी एक इंचही हललेली नसताना. महामार्गावर ३,००० फेऱ्यांवर हाच आकडा सेकंदाला १०० होतो.

उभ्या गाडीत मिनिटाचे दोन चमचे या १,६०० स्फोटांत वाटले, तर एका स्फोटाच्या वाट्याला पाण्याच्या एका थेंबाचा सुमारे आठवा भाग येतो. एवढेसे इंधन नेमके मोजून, नेमक्या क्षणी आत सोडायचे, पुरेशी हवा मिसळायची आणि ठिणगी पाडायची, हे काम गाडीतला छोटा संगणक करतो. महागड्या आधुनिक गाडीतले सॉफ्टवेअर १० कोटी ओळींच्या घरात जाते, असा अंदाज वाहन उद्योगात मांडला जातो. पानाला ५० ओळी धरून छापायचे ठरवले तर २० लाख पाने होतील. हे लिहिणाऱ्यांतली मोठी फौज इथेच आहे. वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी केपीआयटी आणि वाहनांची रचना करणारी टाटा टेक्नॉलॉजीज, दोन्ही हिंजवडीतल्या. इंजिन कमी धूर कसे सोडेल यावर डोके चालवणारे अभियंते त्याच रांगेतून कामावर पोहोचतात.

लिटरभर पेट्रोल, दिवसभराचा श्वास

पेट्रोल एकटे जळत नाही. एक किलो पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या जवळपास, म्हणजे त्याला सुमारे ११ किलो हवा हवी. हवा हलकी असते. एवढ्या हवेचे आकारमान भरते जवळजवळ ९,००० लिटर.

आता माणूस. मोठा माणूस दिवसभरात साधारण ११,००० लिटर हवा आत-बाहेर करतो. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनातून माणसाच्या जवळजवळ दिवसभराच्या श्वासाइतकी हवा जाते. प्राणवायूचा हिशेब तर आणखी जड आहे. आपण आत घेतलेल्या हवेतला थोडाच प्राणवायू वापरतो, बाकीचा परत सोडतो. इंजिन जवळजवळ सगळा संपवते. त्यामुळे एका लिटरला लागणारा प्राणवायू तीन-साडेतीन माणसांना दिवसभर पुरला असता.

बाहेर काय पडते? सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. पाऊण किलोच्या इंधनातून सव्वादोन किलोचा वायू कसा निघाला, हे कोडे वाटते. उत्तर हवेत आहे. इंधनातल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या प्राणवायूचे दोन अणू चिकटतात आणि त्यांच्यामुळे वजन वाढते. या वायूचे आकारमान १,२०० लिटरच्या वर जाते. त्याशिवाय साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निघते. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या टोकाशी टपटपताना दिसते ते हेच पाणी.

साठ हजार कोटी

वायू झाले, आता कण. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू आहेत. बीएस-५ ही पायरी गाळून आपण बीएस-४ वरून थेट सहाव्या पायरीवर उडी घेतली आणि ही उडी खरोखर मोठी होती. इंधनातल्या गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. डिझेल मोटारीच्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर, तर नायट्रोजन ऑक्साइडांची २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. ४.५ मिलिग्रॅम म्हणजे खसखशीचे दहा-पंधरा दाणे. एक किलोमीटर धावून एवढीच काजळी. तंत्रज्ञांच्या या कामगिरीला मनापासून दाद द्यायला हवी.

पण मानकांनी कणांचे वजन करून थांबायचे नाही, ते मोजायचेही ठरवले. डिझेल मोटारींसाठी आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या मोटारींसाठी किलोमीटरला ६ वर ११ शून्ये एवढ्या कणांची मर्यादा आहे. आपल्या भाषेत साठ हजार कोटी. पृथ्वीवर आज ८०० कोटींच्या वर माणसे आहेत. एका स्वच्छ ठरलेल्या गाडीने एक किलोमीटर कापताना जगातल्या प्रत्येक माणसामागे सत्तरेक कण सोडले, तरी ती नियमात बसते. सेकंदाला एक या वेगाने हे कण मोजायला बसलो तर १९,००० वर्षे लागतील. शिवाय या मोजणीत २३ नॅनोमीटरहून मोठेच कण धरतात. त्याहून बारीक असतात ते वेगळे.

खसखशीचे दहा-पंधरा दाणे आणि साठ हजार कोटी, दोन्ही आकडे एकाच किलोमीटरचे आहेत. लहान असण्याची हीच गंमत आणि हीच भीती. वस्तू जितकी लहान, तितकी तिची संख्या अफाट आणि तितकी ती शरीरात खोल जाते. केसाची जाडी ५० ते ७० मायक्रॉन. पीएम २.५ या नावाने ओळखला जाणारा मोठ्यात मोठा कण तिच्या विसाव्या भागाहूनही बारीक. नाकातले केस, घशातला चिकटा ही आपली जुनी चाळण त्याला अडवू शकत नाही. तो थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतो.

फुफ्फुसांत असे सुमारे ४८ कोटी वायुकोश आहेत. सगळे उलगडून सपाट पसरले तर ७० चौरस मीटर जागा व्यापतील. हिंजवडी-वाकडच्या भाषेत सांगायचे तर ७५० चौरस फूट कार्पेट, चांगला टू बीएचके. छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवलेले हे घर दिवसभर सताड उघडे असते आणि त्यात रोज ११,००० लिटर हवा येते-जाते. आपल्या देशाने पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे आठपट कडक. हवेच्या नोंदी घेणारे एक केंद्र पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने भूमकर नगरातही बसवले आहे. या रांगेच्या श्वासाचे माप रांगेच्या शेजारीच घेतले जाते.

१०८ सेकंद आणि चालकाचा पाय

धूर मोजायचा कसा, हे शिकण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. ती वेताळ टेकडीच्या ज्या भागात आहे, त्याला पुणेकर एआरएआय टेकडीच म्हणतात. सहा शहरांच्या हवेत कोणाचा किती वाटा आहे, हे शोधण्याचे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हाती घेतले, तेव्हा पुण्याचा अभ्यास याच संस्थेने केला.

प्रयोगशाळेत गाडी फिरत्या रोलरांवर चढवतात. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर पिशव्यांत भरून मोजतात. गाडी कशी चालवायची याचेही चक्र ठरलेले असते. भारतीय रस्त्यांवरून बेतलेले ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ हे जुने चक्र १०८ सेकंदांचे होते. जपमाळेत जितके मणी, तितके सेकंद. थांबा, सुटा, वेग घ्या, कमी करा, पुन्हा थांबा. असे सहा फेरे. मोटारींसाठी पुढे आलेले चक्र १,१८० सेकंदांचे, आणि त्यातला जवळजवळ पाव वेळ गाडी इंजिन चालू ठेवून नुसती उभी असते. उभी गाडी हा रस्त्यांचा इतका नित्याचा भाग, की तो चाचणीतच धरावा लागला.

या चाचणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पडद्यावर वेगाची रेषा सरकत असते आणि चालकाने गाडीचा वेग त्या रेषेपासून ताशी दोनेक किलोमीटरपेक्षा ढळू द्यायचा नसतो. पाय थरथरला, ॲक्सिलरेटर धसमुसळेपणाने दाबला, तर पिशवीतला धूर बदलतो. मिलिग्रॅम मोजणाऱ्या महागड्या यंत्रसामग्रीच्या मधोमध माणसाचा एक पाय असतो आणि मोजणीचा खरेपणा त्याच्या सफाईवर अवलंबून असतो. इथे दोन्ही मोटरी एकमेकींना भेटतात. धूर इंजिनातून निघतो, पण किती निघावा यात पायाचाही शब्द चालतो. १ एप्रिल २०२३ पासून मोजणीची यंत्रे गाडीलाच बांधून खऱ्या रस्त्यावरचा धूरही मोजतात, कारण खरा पाय खऱ्या रस्त्यावर कसा पडतो हे बंद खोलीत पुरते कळत नाही.

दीडशे ग्रॅमचा सारथी

हा पाय चालवणारा कोण? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या ६,९०० कोटी, म्हणजे दर पाचांतल्या चार, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्कात दाटीवाटीने बसल्या आहेत. वजनाने हा भाग अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा, साधारण १५० ग्रॅम. हालचालीतली सफाई, तोल आणि वेळ साधणे ही त्याची मुख्य कामे. त्यातली एकेक पुरकिंजे पेशी लाख-लाख धाग्यांकडून निरोप घेते. गाडी शिकताना पहिल्या दिवशी क्लच सोडला की गाडी झटका खाऊन बंद पडते आणि महिन्याभराने तोच पाय गप्पा मारता मारता नेमक्या ठिकाणी थबकतो. ही शिकवणी याच दीडशे ग्रॅममध्ये झालेली असते.

रांगेत या यंत्रणेवर किती काम पडते, तेही मोजू. डोळे सेकंदाला साधारण तीनदा जागा बदलतात: पुढची गाडी, आरसा, डावीकडून घुसणारी दुचाकी. तासाला दहा हजारांहून जास्त उड्या. क्लचचे गणित वेगळे. साडेपाच किलोमीटरच्या रांगेत दर २० मीटरला एकदा क्लच दाबावा लागला, असे धरा. झाले २७५ वेळा. प्रत्येक वेळी आठ किलोचा जोर धरला, तर ऑफिसात पोहोचेपर्यंत डाव्या पायाने दोन टनांहून जास्त भार ढकललेला असतो. घरी परतताना पुन्हा तेवढाच.

आणि ही मोटर थकते. मेंदूचा निरोप जलद चेतांवरून सेकंदाला १२० मीटरपर्यंतच्या, म्हणजे ताशी ४०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावू शकतो. पायापर्यंतचे अंतर दोन मीटरही नाही. तरी अचानक कोणी आडवे आले तर ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद सहज जातो. बहुतेक वेळ दिसलेले ओळखण्यात आणि काय करायचे ते ठरवण्यात जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. थकव्याने त्यात अर्ध्या सेकंदाची भर पडली तर आणखी ७ मीटर. रस्ता ओलांडणारे मूल वाचते की नाही, हे या सात मीटरांत ठरते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. दर तासाला एकोणीस.

धूर आणि हात

एका मोटरीचा धूर दुसरीला लागतो का? कार्बन मोनॉक्साइडचे उत्तर तर जुने आणि पक्के आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. डोके जड होते, हालचाल मंदावते. म्हणूनच बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे जिवावर बेतू शकते.

अलीकडच्या संशोधनाने प्रश्न आणखी आत नेला आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २५ निरोगी प्रौढांना प्रयोगशाळेत दोन तास, एकदा गाळलेल्या हवेत आणि एकदा डिझेलच्या विरळ केलेल्या धुरात, बसवले आणि आधी-नंतर मेंदूची चित्रे घेतली. धुरानंतर मेंदूच्या एका महत्त्वाच्या जाळ्यातल्या भागांचा आपसातला मेळ तात्पुरता कमी झालेला दिसला. हा निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१६ साली बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या ३७ मृतांच्या मेंदूत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे अतिसूक्ष्म गोल कण दाखवले. तीव्र उष्णतेत जन्मणारे असे कण रस्त्याकडेच्या हवेतही असतात. या कणांमुळे आजार होतो, असे त्या अभ्यासाने सिद्ध केले नाही. पण रस्त्यावरची हवा आणि डोक्याच्या कवटीतली जागा यांच्यात आपण समजतो तेवढी जाड भिंत नाही, एवढे त्यातून कळते.

दोन चमच्यांचे टँकर

आता सुरुवातीच्या चमच्यांकडे. समजा रांगेत फक्त १,००० मोटारी आहेत. एकामागे एक उभ्या केल्या तर रांग साडेपाच किलोमीटरची. पुण्याच्या दृष्टीने हजार म्हणजे काहीच नव्हे. पुणे आरटीओकडच्या नोंदीत २०१८ सालीच ३६ लाखांहून अधिक वाहने होती, त्यांत सुमारे २७ लाख दुचाकी.

हजार मोटारी एक मिनिट उभ्या राहिल्या: १० लिटर पेट्रोल, १६ लाख स्फोट, २३ किलो कार्बन डायऑक्साइड, आठ माणसांच्या दिवसभराच्या श्वासाइतकी हवा. सकाळी १० आणि संध्याकाळी १० मिनिटे: २०० लिटर. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर ५०,००० लिटर, म्हणजे २०,००० लिटरचे अडीच टँकर. लिटरला १०० रुपये धरले तरी ५० लाख रुपये. कार्बन डायऑक्साइड ११५ टन. हे सगळे एक इंचही पुढे न जाता.

ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआरने मिळून घडवलेली हायड्रोजनवर चालणारी बस पुण्यात सादर झाली. तिच्या धुराड्यातून पाणीच निघते. त्या वेळी सांगितले गेले, की लांब पल्ल्याची एक डिझेल बस वर्षाला साधारण १०० टन कार्बन डायऑक्साइड सोडते. आपल्या हजार मोटारींनी नुसते उभे राहून त्याहून जास्त सोडला.

त्याच हजार जणांना दुसऱ्या मार्गाने नेऊन पाहू. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानके. तीन डब्यांच्या मेट्रो गाडीत साधारण हजार माणसे मावतात आणि तिची लांबी ७० मीटरच्या आत. मोटारीत एकेक जण बसला तर साडेपाच किलोमीटर रस्ता, मेट्रोत बसले तर ७० मीटर. ४० आसनांच्या बसगाड्या घेतल्या तर पंचवीस पुरतील. वाहतुकीच्या प्रश्नावर कितीही चर्चा करा, या गणिताला वळसा घालून पुढे जाता येत नाही. मोठे काम सरकारचे, नियोजनकारांचे आणि कंपन्यांचे आहे, आणि ते त्यांच्याकडून मागितलेच पाहिजे.

पण एक काम आजच आपल्या हातातले आहे. इंजिन पुन्हा सुरू करायला जेवढे इंधन लागते, त्यापेक्षा जास्त इंधन ते दहा सेकंदांहून अधिक काळ उभे चालू ठेवण्यात जाते. उद्या चौकात लाल दिवा लागेल, तेव्हा आकडा दहाच्या वर असेल तर किल्ली फिरवा. मनगट जरासे वळेल, बाकीचे तुमचे अनुमस्तिष्क पाहून घेईल. आठवड्याभरात ते त्याच्या अंगवळणी पडेल. हजारातल्या प्रत्येकाने दिवसातली ती वीस मिनिटे वाचवली, तर वर्षाकाठी अडीच टँकर पेट्रोल टाकीतच राहील, आणि तेवढा धूर शेजारच्या दुचाकीवर आईपुढे उभ्या असलेल्या मुलाच्या छातीत जाणार नाही.